नव्या भागीदारीला निधी मिळतो का? तीन अध्यापक संस्थांचा एक प्रश्न

पत्र

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एड. कॉलेजची प्राचार्या आहे. कॉलेज कायम विनाअनुदानित, प्रवेशक्षमता ५०. आमचे छात्राध्यापक इंटर्नशिपला जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांत जातात, पण तिथल्या शिक्षकांना त्यांच्याकडून काय करून घ्यायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग मुलं हजेरी मांडतात, परीक्षेचे पेपर तपासतात, रजेवरच्या शिक्षकाचा तास सांभाळतात आणि परत येतात. यासाठी आम्ही तिघे एकत्र आलोत: आमचं कॉलेज, शेजारच्या तालुक्यातलं एक जुनं डी.एल.एड. विद्यालय आणि आमच्याच गावातलं अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय. तिन्ही संस्था वेगळ्या. शाळांतल्या मार्गदर्शक शिक्षकांना वर्षभर प्रशिक्षण द्यायचं, असा विचार आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या तिच्या निधीतून, मदतीचा विचार करू म्हटलंय.

अडचणी इथून पुढे. आमचे सीए म्हणतात, तिघांचा मिळून नवा ट्रस्ट काढा, ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकर नोंदणी) लगेच मिळवून देतो. वरिष्ठ महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणतात, आम्ही १२(बी)मध्ये, म्हणजे केंद्राच्या अनुदानाला पात्र यादीत आहोत, सरळ विद्यापीठ अनुदान आयोगाकडे (यूजीसी) जाऊ. आमचे अध्यक्ष म्हणतात, पैसा आपल्या खात्यात येणार नसेल तर आपण सही कशाला करायची? आमच्या संस्थेकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आहे, ८०जी नाही. डी.एल.एड. विद्यालयाच्या संस्थेकडे दोन्ही आहेत, पण तिथे प्रवेश फार घटलेत. वरिष्ठ महाविद्यालयाच्या संस्थेकडे सगळं आहे, पण कार्यकारिणीचा वाद धर्मादाय कार्यालयात चालू आहे. आम्ही पात्र आहोत का? आणि अध्यापक संस्थांनी २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हावं या अटीसाठी ही भागीदारी उपयोगी पडेल का?

— एक प्राचार्या, लातूर जिल्हा

उत्तर

मॅडम,

तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं. बी.एड.च्या दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत घालवायचे, हा नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) २०१४ सालीच केला. ते वीस आठवडे शाळेतल्या ज्या शिक्षकाच्या भरवशावर जातात, त्याची तयारी करून घेण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच टेबलावर आली नाही. ती तुम्ही आपणहून घेताय. म्हणून हा प्रस्ताव कागदावर अडकू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आणि असे प्रस्ताव अडकतात ते बहुधा कागदावरच.

पहिलं उत्तर थेट देते. निधी देणारा कुणीही असो, तो भागीदारीला पैसे देत नाही. तो पॅन असलेल्या, नोंदणी असलेल्या, हिशोब तपासून घेतलेल्या एका संस्थेला देतो. तुमच्या तिघांच्या सामंजस्य कराराला ना पॅन आहे, ना नोंदणी क्रमांक. म्हणून ‘आमची भागीदारी पात्र आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘आमच्या तिघांपैकी या पैशासाठी कोण पात्र आहे’ असं विचारा. पैशाचा प्रकार बदलला की याचं उत्तरही बदलतं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पात्रता कॉलेजची नसते, संस्थेची असते. तुमचं कॉलेज म्हणजे संस्थेने चालवलेला एक उपक्रम. पॅन, १२ए, सार्वजनिक न्यासाची नोंदणी हे सगळं संस्थेच्या नावावर. प्रस्तावावर कॉलेजचं लेटरहेड आणि प्राचार्यांची सही एवढंच असेल तर कंपनीचा माणूस तो वाचतो, कौतुक करतो आणि बाजूला ठेवतो.

आता तुमच्या सीएंचा सल्ला. त्यांनी सांगितलं ते खोटं नाही. नव्या ट्रस्टला आयकर खात्याकडून १२ए आणि ८०जीची तात्पुरती नोंदणी खरोखरच मिळते. पण सीएसआरच्या पैशासाठी तेवढं पुरत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले. तेव्हापासून कंपनी ज्या बाहेरच्या संस्थेमार्फत काम करून घेते, ती कंपनीने किंवा सरकारने स्थापन केलेली नसेल, तर त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव तिच्याकडे असावा लागतो. नवा ट्रस्ट आज काढला तर त्याच्याकडे ही तीन वर्षं कुठून येणार? तिन्ही संस्थांनी अनेक वर्षं शिक्षक घडवलेत, हे खरं. पण तो अनुभव त्या त्या संस्थेच्या नावावर आहे, नव्या ट्रस्टला तो वारशाने मिळत नाही. म्हणजे एकत्र यायचं म्हणून नवं घर बांधायला जाल आणि तीन वर्षं दाराबाहेर उभे राहाल. नवा ट्रस्ट काढू नका.

विदेशी देणगीचा विचार कुणी मनात आणून दिला असेल, तर तिथेही हीच भिंत आहे. विदेशी देणगी कायद्याची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी हवी तर संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि गेल्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. त्याहून मोठी अडचण २०२० च्या दुरुस्तीची. एका संस्थेला मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे वर्ग करायला तेव्हापासून बंदी आहे. समोरच्या संस्थेकडे एफसीआरए असलं तरीही. तीन संस्थांच्या भागीदारीत हा पैसा एकाच्याच हातात राहणार आणि बाकी दोघांना तो द्यायला कायद्याने मनाई. तुमच्या कामाला तो मार्ग सोयीचा नाही, निदान आज तरी.

तेव्हा सीएसआरवरच येऊ. कंपनीला भेटण्याआधी एवढं बघून घ्या की ती कंपनी कायद्याच्या कलम १३५ च्या कक्षेत येते का. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी बसलं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. शिक्षणाला चालना देणं हे काम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेच. शिवाय कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं त्याच कायद्यात लिहिलंय. तुमच्या तालुक्याला एमआयडीसी लागून आहे. हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.

मग तिघांपैकी पुढे कुणी व्हायचं? पैसा घेणाऱ्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी दोन्ही हवीत. (शैक्षणिक संस्थांना कलम १०(२३सी)खालची मंजुरी असेल तर २०२२ पासून तीही चालते. तुमच्या संस्थेला तशी मंजुरी होती का, एवढं सीएंना विचारून घ्या.) शिवाय कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म ऑनलाइन भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून हे सक्तीचं आहे. तुमच्या संस्थेकडे ८०जी नाही, म्हणजे आज ती बाजूला पडली. वरिष्ठ महाविद्यालयाची संस्था कागदावर सगळ्यांत भक्कम, पण तिथे कार्यकारिणीचा वाद आहे.

या वादाकडे हलकेपणाने बघू नका, कारण आपल्याकडे चांगली कामं सगळ्यांत जास्त अडतात ती इथेच. संस्थेची निवडणूक होते, नवे अध्यक्ष-सचिव येतात, सत्कार होतात, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत दाखल करायचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) एक तर दाखलच होत नाही, किंवा विरोधी गटाची हरकत येऊन वर्षानुवर्षं पडून राहतो. देणगीदार मग धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा मागतो. त्या उताऱ्यावर जुन्याच विश्वस्तांची नावं असतात, त्यांपैकी काही हयातही नसतात, आणि करारावर सही करणाऱ्या सचिवांचं नाव त्यात कुठेच नसतं. कंपनीच्या कायदा विभागाने हे एकदा बघितलं की पुढची बैठक होत नाही. कारणही कुणी सांगत नाही. बिचारे प्राध्यापक समजतात, आपला प्रस्ताव कमी पडला.

म्हणून माझं मत असं: पुढे करायचं ते तुमच्या तिघांतल्या सगळ्यांत दुबळ्या दिसणाऱ्या संस्थेला, म्हणजे डी.एल.एड. विद्यालयाच्या संस्थेला. तिच्याकडे १२ए आणि ८०जी आहे, वादाचं काही तुम्ही लिहिलं नाही, आणि शिक्षक-प्रशिक्षण हेच तिचं मूळ काम असल्याने तीन वर्षांच्या अनुभवाचा प्रश्न येत नाही. प्रवेश घटले हा तिचा दोष नाही. राज्यात शिक्षकभरती वर्षानुवर्षं रखडली तेव्हा डी.एड.ची किती विद्यालयं ओस पडली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. घटलेल्या प्रवेशांचा पात्रतेशी संबंध नाही. एवढंच बघा की गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल वेळेवर झालेत, चेंज रिपोर्ट मंजूर आहेत, आणि संस्थेच्या घटनेत कार्यक्षेत्र कुठलं लिहिलंय. जुन्या घटनांमध्ये कार्यक्षेत्र एकाच तालुक्यापुरतं असण्याची शक्यता असते. तसं असेल तर तुमच्या तालुक्यातल्या शाळांत काम करताना कुणीतरी बोट ठेवेल. घटना काढून स्वतः वाचा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

हे विद्यालय पुढे असण्याला एक शैक्षणिक कारणही आहे, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. तुम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळांत जायचंय, आणि त्यांतल्या बहुतेक प्राथमिक. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल दिला. त्यानंतर निव्वळ बी.एड. कॉलेजने प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं म्हटलं, तर गटशिक्षणाधिकारी विचारणारच की तुमचा या इयत्तांशी संबंध काय. पहिलीच्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं, हे जाणणारे जुने अध्यापकाचार्य त्या विद्यालयात अजून असतील. निपुण भारत अभियान जुलै २०२१ पासून चालू आहे आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, अंकांचे मूलभूत व्यवहार यावेत हे त्याचं ध्येय आहे. तुमच्या प्रस्तावातला मार्गदर्शक शिक्षक त्या ध्येयाशी जोडलात, तर कंपनीला आणि शिक्षण विभागाला दोघांनाही तो समजायला सोपा जाईल.

आता तुमच्या अध्यक्षांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्यांच्यावर रागावू नका. संस्था चालवणाऱ्या माणसाला आपल्या सहीची किंमत विचारायचा हक्क आहे. त्यांना दोन गोष्टी समजावून सांगा.

पैसा आघाडीच्या संस्थेच्या खात्यात येईल, पण तिथून तो बाकी दोन संस्थांच्या खात्यात ‘वाटून’ द्यायचा नाही. खर्च त्याच खात्यातून, बिलावर, थेट. तुमच्या प्राध्यापिकेने साधनव्यक्ती म्हणून दोन दिवस घेतले तर मानधन तिच्या बँक खात्यात. तुमच्या सभागृहात प्रशिक्षण झालं तर जेवणाचं बिल त्या कंत्राटदाराला. तिघांचं संयुक्त खाते तर मुळीच उघडू नका. तसं केलं की आयकर खातं त्या तिघांच्या समूहाकडे वेगळा करदाता म्हणून बघू शकतं, आणि मग त्या समूहाची ना १२ए, ना ८०जी.

दुसरी गोष्ट वस्तूंची. सीएसआरच्या पैशातून एखादी टिकाऊ मालमत्ता उभी राहिली, तर ती कुणाच्या नावावर असावी हे नियमात ठरलेलं आहे: सीएसआर नोंदणी क्रमांक असलेली संस्था, लाभार्थ्यांचे बचतगटासारखे समूह किंवा सार्वजनिक प्राधिकरण. तुमच्या संस्थेकडे आज तो क्रमांक नाही. म्हणजे प्रोजेक्टर घेऊन तुमच्या कॉलेजात बसवला तर तो नियमात बसणार नाही. म्हणून या प्रस्तावात यंत्रसामग्री घालूच नका, किंवा घातलीत तर ती जिल्हा परिषद शाळेसाठी असू द्या. अध्यक्षांना कदाचित हे आवडणार नाही. पण त्यांना असंही सांगा की आपण आजच ८०जीसाठी अर्ज करू, मग सीएसआर-१ भरू, आणि पुढचा प्रस्ताव आपल्या नावाने जाईल. दरम्यान या उपक्रमाचा थोडा खर्च, निदान आपल्या प्राध्यापकांच्या शाळाभेटींचा प्रवास, संस्थेने स्वतःच्या खात्यातून करावा आणि तो आपल्या ताळेबंदात वेगळ्या शीर्षाखाली दिसू द्यावा. तुमच्या संस्थेचा अनुभव उद्या कुणी विचारेल तेव्हा फोटोंचा अल्बम कमी आणि लेखापरीक्षकाने सही केलेली ती ओळ जास्त कामाला येईल.

तिन्ही कार्यकारिणींचे ठराव हवेत. नुसता सामंजस्य करार पुरत नाही, कारण प्राचार्यांना संस्थेला बांधून घेण्याचा अधिकार ठरावाशिवाय नसतो. आघाडीच्या संस्थेचा ठराव साधारण असा असावा:

‘आपल्या संस्थेच्या अध्यापक विद्यालयाने अमुक अध्यापक महाविद्यालय व अमुक महाविद्यालय यांच्यासमवेत मार्गदर्शक शिक्षक प्रशिक्षण उपक्रम राबवावा. उपक्रमासाठी मिळणारा निधी आपल्या संस्थेच्या नावे स्वीकारावा. त्यासाठी स्वतंत्र बचत खाते उघडावे व त्यावर अध्यक्ष, सचिव आणि उपक्रम समन्वयक यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालाव्यात. दर तिमाहीचा जमाखर्च तिन्ही संस्थांना लेखी द्यावा. उपक्रम संपल्यावर शिल्लक राहिल्यास देणगीदाराच्या लेखी सूचनेप्रमाणे तिची विल्हेवाट लावावी.’

शेवटची दोन वाक्यं वगळू नका. भांडणं त्यावरूनच होतात. उपक्रम समन्वयक तुम्ही व्हा. पैसा त्यांच्याकडे असला तरी कामाची दोरी तुमच्या हातात राहील, आणि अध्यक्षांनाही त्यात आपल्या कॉलेजचा मान दिसेल. बाकी दोन संस्थांनी आपापल्या ठरावात ‘आघाडीची संस्था म्हणून अमुक संस्थेस मान्यता’ असं स्पष्ट लिहावं. जागा वापरायला द्यायची असेल तर भाडेपट्टा करू नका, कार्यक्रमापुरती परवानगी द्या. ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

अंदाजपत्रकाबद्दल थोडंसं. समजा चाळीस मार्गदर्शक शिक्षक धरलेत आणि वर्षातून सहा दिवस. तर शिक्षकांचा प्रवास, जेवण, छापील पुस्तिका, साधनव्यक्तींचं मानधन, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रशिक्षणानंतर शाळेत जाऊन पाठ बघणाऱ्यांचा प्रवासखर्च, एवढंच धरा. हा शेवटचा आकडा बहुतेक प्रस्तावांत नसतोच. सहा दिवस प्रशिक्षण झालं, फोटो निघाले, प्रमाणपत्रं वाटली आणि नंतर शाळेत कुणी गेलंच नाही, तर छात्राध्यापक परत पेपरच तपासत बसणार. माझ्या हातात असतं तर मी सहाचे चार दिवस करून उरलेले पैसे शाळाभेटींवर टाकले असते. कॉलेजच्या नियमित प्राध्यापकांचा पगार मात्र यात घालू नका. विनाअनुदानित कॉलेजात पगार थकण्याची वेदना मला कळते, पण कंपनीला त्या ओळीत उपक्रम दिसत नाही, कॉलेजची तूट दिसते.

एक जण दोन ठिकाणी पूर्णवेळ, असंही कुठे दिसू देऊ नका. भागीदारीच्या कागदांत एखाद्या प्राध्यापकाचं नाव तुमच्याकडे पूर्णवेळ आणि विद्यालयाकडेही पूर्णवेळ असं आलं, तर त्याचा फटका निधीपुरता राहणार नाही. एनसीटीईची मान्यता संस्थेला आणि अभ्यासक्रमाला वेगवेगळी दिलेली असते, आणि प्रत्येकासाठीचा अध्यापकवर्ग स्वतंत्र दाखवावा लागतो. या बाबतीत आपल्या राज्याचं नाव आधीच खराब झालंय. महाराष्ट्रातल्या डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेवरूनच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्या. वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ चा.

वरिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. यूजीसी कायदा १९५६ च्या २(एफ) कलमाखाली नाव असणं म्हणजे महाविद्यालय म्हणून ओळख, आणि १२(बी)खाली असणं म्हणजे केंद्राच्या अनुदानाला पात्र असणं. त्यांच्याकडे १२(बी) आहे ही खरोखर जमेची बाजू. पण ती पात्रता त्यांच्या महाविद्यालयाची आहे, करारावर सही केल्याने ती तुमच्याकडे येत नाही. उच्चशिक्षणासाठीच्या केंद्राच्या पीएम-उषा योजनेचंही तसंच. २०२३-२४ ते २०२५-२६ साठी सुमारे १२,९२६ कोटींची ती योजना, त्यात महाविद्यालयांच्या बळकटीकरणासाठी ५ कोटींपर्यंत अनुदान, केंद्र-राज्य वाटा ६०:४०. पण ते राज्यामार्फत आणि शासकीय व अनुदानित महाविद्यालयांसाठी. त्या वाटेने तुमच्या उपक्रमाला पैसा येईल या आशेवर थांबू नका.

त्यांच्या १२(बी)चा खरा उपयोग संशोधनाला आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे, म्हणजे आयसीएसएसआरकडे, संशोधन प्रकल्पासाठी अर्ज करा. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत कालिन्याला विद्यापीठाच्या आवारात आहे आणि ते चर्चासत्रांना मदत करतं. प्रकल्प संचालक वरिष्ठ महाविद्यालयाचे, सहसंचालक तुम्ही, आणि विषय: प्रशिक्षित मार्गदर्शक मिळालेल्या छात्राध्यापकांच्या पाठांत काय फरक पडला. ही रक्कम त्यांच्या महाविद्यालयाकडे येईल, सीएसआरची विद्यालयाच्या संस्थेकडे. दोन हिशोब, दोन खाती, एकाची बिलं दुसऱ्यात नाहीत. असं केलंत तर तिघांनाही आपापल्या जागी मान राहतो, आणि कार्यकारिणीच्या वादाची झळ कंपनीच्या पैशाला लागत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न २०३० चा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितलंय की स्वतंत्र, एकाच विद्याशाखेच्या अध्यापक संस्थांनी २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हावं. यूजीसीने २०२२ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात विलीनीकरण, समूह आणि शैक्षणिक सहकार्य अशा वाटा आहेत. तेव्हा शेजारच्या वरिष्ठ महाविद्यालयाशी आज जुळलेलं नातं उद्या नक्की कामाला येईल. पण मार्गदर्शक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा करार म्हणजे त्या अटीची पूर्तता नव्हे. चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रमाची मान्यता हा एनसीटीईपुढचा वेगळा अर्ज, वेगळी छाननी. निधीच्या प्रस्तावात ‘आम्ही बहुविद्याशाखीय समूह आहोत’ असं लिहिण्याचा मोह होईल. लिहू नका, कारण तुम्ही अजून तसे झालेला नाहीत.

मुंबईची दोन समूह विद्यापीठं कुणीतरी तुम्हाला उदाहरण म्हणून दाखवेल. डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम यांच्यासोबत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज आहे, आणि त्या समूहाला केंद्राच्या रुसा या उच्चशिक्षण योजनेतून निधी होता. एचएसएनसी विद्यापीठात के.सी. आणि एच.आर.सोबत बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज आहे. दोन्हीकडे अध्यापक महाविद्यालय समूहात सामावलं गेलं, हे तुमच्यासाठी आशादायक आहे. पण नीट बघा: पहिल्यात सगळी महाविद्यालयं शासनाची, दुसऱ्यात सगळी एकाच मंडळाची. मालक एकच असल्याने पैसा कुणाच्या नावावर हा प्रश्न तिथे आलाच नाही. तुमच्याकडे मालक तीन आहेत. पुढेमागे विलीनीकरणाचं बोलायची वेळ आली, तर ते महाविद्यालयांचं नव्हे तर न्यासांचं विलीनीकरण होईल, आणि त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागेल. वरिष्ठ महाविद्यालयातला वाद मिटल्याशिवाय त्या दिशेने पाऊलही टाकू नका.

आता सुरुवात कुठून करायची. कंपनीकडे जाण्याआधी मुरूडला डायटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) प्राचार्यांना भेटा आणि मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडून शाळांची यादी आणि शिक्षकांना प्रशिक्षणाला सोडण्याचं पत्र घ्या. धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितलाय. तुमचे तास त्यात धरता येतील का, हे डायटला लेखी विचारा. परवानगीचं पत्र हातात नसेल तर पात्र संस्था, मंजूर निधी सगळं असूनही शिक्षक वर्गातून उठून येऊ शकणार नाही. त्याच आठवड्यात विद्यालयाच्या सचिवांना सोबत घेऊन लातूरच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा. तो स्वच्छ निघाला तर सीएसआर-१ भरायला सांगा. कंपनीच्या संचालक मंडळाला सीएसआरचा वार्षिक कृती आराखडा मंजूर करावा लागतो, म्हणून तुमचा प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या टेबलावर असावा. मार्चअखेर गेलात तर उरलेल्या पैशात बाकं आणि टॅब मिळतील, वर्षभराचं काम मिळणार नाही.

परिशिष्ट एकच्या उताऱ्यात विद्यालयाच्या संस्थेचाही चेंज रिपोर्ट अडकलेला निघाला, तर मला परत लिहा. मग तुमच्याच संस्थेचं ८०जी आधी करून घ्यायचं, आणि पहिल्या वर्षी दहा शाळांपुरतं काम कंपनीच्या पैशाशिवाय, इंटर्नशिपच्या ठरलेल्या वेळापत्रकातच बसवायचं. ते कसं बसवायचं, हे त्या वेळी सविस्तर सांगेन.